पड खाण्याचा सराव

शनिवारी आमच्या लॉन्ड्रोमॅटमध्ये, म्हणजे नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानात, पाय ठेवायला जागा नसते. गेल्या महिन्यातल्या अशाच एका शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास, चौदा नंबरच्या ड्रायरपाशी एक माणूस माझ्यावर ओरडायला लागला. त्याचं म्हणणं, मशीनने दोन डॉलर गिळले आणि ड्रायर फिरलाच नाही. मी दार उघडून हात घातला. ड्रम तापलेला होता, ब्लँकेटमधून वाफ येत होती. ड्रायर चांगला फिरला होता. जाड ब्लँकेटला आणखी वेळ लागणार होता, एवढंच.

"तुम्ही लोक असेच पैसे काढता," तो म्हणाला.

'तुम्ही लोक' हे शब्द या देशात मी बरेचदा ऐकलेत. त्यावरचं उत्तरही माझ्या जिभेवर तयार असतं. ते मी गिळलं. म्हणाले, "माफ करा, तुम्हाला त्रास झाला." आणि खिशातून आठ क्वार्टर, पंचवीस सेंटची नाणी, काढून त्याच्या हातावर ठेवले. एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. तो आणखी काहीतरी बोलला, एक पाऊल पुढे आला. मी दोन पावलं मागे सरकले. आता कपडे घडी करायचं लांब टेबल आमच्या दोघांच्या मध्ये आलं. दोन्ही तळवे त्याला दिसतील असे छातीसमोर धरले आणि म्हटलं, "सहा नंबर रिकामा आहे. तो जास्त तापतो, ब्लँकेट त्यात लवकर वाळेल." पुटपुटत गेला तो सहा नंबरकडे.

नवरा सुट्ट्या पैशांच्या मशीनपाशी उभा राहून सगळं बघत होता. रात्री जेवताना म्हणाला, "पैसे दिलेस ते ठीक. पण माफी कशाची मागितलीस? चूक त्याची होती."

"होती."

"मग एवढी पड का खाल्लीस?"

"माझ्या कमरेला पिस्तूल होतं म्हणून."

त्याला हे माहीत होतं. तरीही त्या रात्री त्याला हे उत्तर पुरलं नाही, आणि मलाही ते नीट मांडता आलं नाही. म्हणून इथे लिहितेय.

मुळात मी पड खाणारी बाई नाही. लहानपणी नळावर भांडण झालं की आई मला पुढे करायची. शेजारच्या काकू चार वाक्यं बोलल्या तर मी पाच बोलायचे, आणि पाचवं असं असायचं की त्यावर कुणाला काही सुचायचं नाही. शेवटचा शब्द आपला असावा, ही माझी जन्माची खोड. लग्नानंतर इथे आले, नोकऱ्या केल्या, मग दोघांनी मिळून हे दुकान घेतलं, तरी ती खोड तशीच राहिली. एका गिऱ्हाइकाला मी एकदा दाराबाहेर पार्किंगपर्यंत सुनावत गेले होते. त्याने साबणाचं पाणी मुद्दाम जमिनीवर सांडलं होतं. तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आम्ही लुटले गेलो. रात्री दुकान बंद करून मी रोकड बँकेच्या रात्रीच्या डिपॉझिट बॉक्समध्ये टाकायला निघाले होते. गाडीचं दार उघडलं आणि मागून आवाज आला. वळले तर समोर पिस्तूल. पोरगा विशीतला असेल, हात थरथरत होता. त्या रात्री माझ्या तोंडातून एक शब्दही निघाला नाही. मी पिशवी जमिनीवर ठेवली, पायाने त्याच्याकडे सरकवली आणि त्याच्या बुटांकडे बघत उभी राहिले. तो पळाला. पोलीस आले, लिहून घेतलं, पुढे काही झालं नाही.

त्यानंतर सहा महिने मी अंधार पडला की दुकानाचं दार आतून लावून घ्यायचे. मग परवान्यासाठी अर्ज केला.

आमच्या मिशिगन राज्यात स्वतःच्या घरात आणि स्वतःच्या व्यवसायाच्या जागेत पिस्तूल कपड्याआड ठेवायला परवाना लागत नाही. पण दुकान ते बँक हा रस्ता कुणाचाच नसतो. तिथे परवाना हवा. त्यासाठी आठ तासांचा वर्ग कायद्यानेच बंधनकारक आहे आणि त्यातले तीन तास रेंजवर प्रत्यक्ष गोळ्या झाडायच्या, किमान तीस. मी गेले तेव्हा मला वाटलं होतं, नेम कसा धरायचा, चापावर बोट कधी ठेवायचं, हेच शिकवतील. तेही शिकवलं. बंदूक कायम भरलेली आहे असंच समजायचं. जे नष्ट करायचं नाही त्यावर नळी रोखायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. निशाणा काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे ते आधी बघायचं. नेमबाजीचे नावाजलेले प्रशिक्षक जेफ कूपर यांचे हे चार नियम वर्गातल्या प्रत्येकाकडून तिने पाठ म्हणून घेतले.

ती म्हणजे आमची प्रशिक्षक, पोलिसातून निवृत्त झालेली बाई. तिने वर्गाची सुरुवात मात्र दुसऱ्याच प्रश्नाने केली होती. "गाडी चालवताना दुसऱ्यांना शिव्या कोण कोण घालतं?" निम्मे हात वर गेले, माझाही. ती म्हणाली, "ते आजपासून बंद. जमणार नसेल तर फी परत घ्या आणि घरी जा." कुणी हसलं नाही, कारण ती हसत नव्हती.

मग तिने फळ्यावर काही न लिहिता एक गोष्ट सांगितली, आणि ती माझ्या डोक्यातून गेलेली नाही. क्लिअरवॉटर, फ्लोरिडा. जुलै २०१८. एका दुकानाबाहेर अपंगांसाठी राखीव जागेत एक गाडी उभी आहे. गाडीत एक तरुण बाई, तिची मुलं. एक माणूस येतो आणि तिच्याशी हुज्जत घालतो, की ही जागा तुझी नाही. जागेबद्दल त्याचं म्हणणं बरोबरच होतं, हे लक्षात घ्या. दुकानातून त्या बाईचा जोडीदार बाहेर येतो, हुज्जत घालणाऱ्याला ढकलून जमिनीवर पाडतो. पडलेला माणूस कमरेचं पिस्तूल काढतो. कॅमेऱ्याच्या चित्रीकरणात दिसतं की पिस्तूल बघून समोरचा मागे सरकतोय. गोळी सुटते. तो पाच वर्षांच्या मुलासमोर मरतो. शेरीफने, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाने, सुरुवातीला अटक केली नाही, कारण फ्लोरिडात २००५ पासून जो कायदा आहे त्यानुसार स्वतःचा बचाव करणाऱ्यावर माघार घेण्याची सक्ती नाही. पण सरकारी वकिलाने मनुष्यवधाचा आरोप ठेवला, २०१९ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवलं आणि वीस वर्षांची शिक्षा झाली.

"आता सांगा," प्रशिक्षक म्हणाली, "हे सगळं कुठे थांबवता आलं असतं?"

कुणी म्हणालं, पिस्तूल काढलं तेव्हा. कुणी म्हणालं, चाप ओढण्याआधी, समोरचा मागे सरकला तेव्हा. तिने नकारार्थी मान हलवली. "पार्किंगबद्दल पहिलं वाक्य बोलण्याआधी."

शब्दाने शब्द वाढतो, हे आपल्याकडे आजीपासून सगळे सांगत आलेत. आठ तासांच्या वर्गात मला कळलं की ही नुसती म्हण नाही, न्यायालयात याच्यावर निकाल ठरतो. मिशिगनमध्ये २००६ चा स्वसंरक्षणाचा कायदा आहे. तुम्ही स्वतः काही गुन्हा करत नसाल, जिथे आहात तिथे असण्याचा तुम्हाला हक्क असेल, आणि मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार आत्ता या क्षणी टाळण्यासाठी दुसरा उपाय नाही असं तुम्हाला प्रामाणिकपणे आणि वाजवीपणे वाटत असेल, तर पळून जाण्याची सक्ती नाही. ऐकायला भक्कम वाटतं. पण भांडण सुरू कोणी केलं, चिथावणी कोणाची होती, हे प्रश्न नंतर विचारले जातातच. आणि ते विचारणारे तुमच्या मागे त्या रात्री उभे नसतात. ते ज्यूरीतले बारा अनोळखी लोक असतात, दिवसाउजेडी, पंख्याखाली बसून, तुमचं प्रत्येक वाक्य ऐकत. समोरच्याने शिवी दिली, तुमच्या रंगाबद्दल बोलला, आईवर गेला, यातलं काहीही पिस्तूल काढायला पुरेसं कारण नाही. नुसत्या शब्दांना उत्तर म्हणून ते काढलं, दाखवलं, शर्ट वर करून त्याची मूठ दिसू दिली, तरी तो आपला गुन्हा.

फ्लोरिडातलीच दुसरी घटना मी घरी येऊन वाचली. जानेवारी २०१४, सिनेमागृह. निवृत्त पोलीस कॅप्टन, वय एकाहत्तर. पुढच्या रांगेतला माणूस फोनवर मेसेज पाठवत होता, यांनी हटकलं. बाचाबाची झाली, पुढच्याने पॉपकॉर्न फेकला, यांनी गोळी झाडली. माणूस मेला. या खटल्याचा निकाल २०२२ मध्ये लागला आणि ते निर्दोष सुटले. कायद्याने सुटले. पण एकाहत्तरव्या वर्षापासून एकोणऐंशीपर्यंतची आठ वर्षं खटल्यात गेली आणि एका घरातला बाप परत आला नाही. हे सगळं एका फोनच्या उजेडावरून. मी तो लेख वाचून स्वयंपाकघरात बराच वेळ तशीच उभी होते, कारण सिनेमात फोन लावणाऱ्यांना मीही हटकते. हटकायचे.

वर्गात आणखी एक प्रयोग झाला. १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर या पोलीस सार्जंटने दाखवून दिलं होतं की एकवीस फुटांवर उभा असलेला धडधाकट माणूस साधारण दीड सेकंदात तुमच्यापर्यंत पोचतो. आम्हाला निळ्या प्लॅस्टिकची खोटी पिस्तुलं दिली, कमरेच्या होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, ठेवायला लावली, वर सैल शर्ट. एकवीस फुटांवरून एक एक जण धावत आला. माझा हात शर्टाच्या काठात अडकला. समोरच्याने माझ्या खांद्याला हात लावला तेव्हा खोटं पिस्तूल अजून अर्धं होल्स्टरमध्येच होतं. दुसऱ्यांदाही तेच. त्या दिवशी मला कळलं की ओरडणाऱ्या माणसाच्या तोंडाला तोंड देत, हातभर अंतरावर उभी राहिले, तर कमरेचं पिस्तूल माझ्या काहीच कामाचं नाही. उलट झटापटीत ते त्याच्या हातात जाऊ शकतं. मी ज्या ज्या भांडणात शिरेन, त्या प्रत्येक भांडणात निदान एक बंदूक असणार. ती मीच आणलेली.

म्हणून अंतर. म्हणून ते घडी करायचं टेबल. म्हणून उघडे तळवे, जे बघणाऱ्याला 'भांडायचं नाही' असं सांगतात आणि गरज पडली तर माझ्याच चेहऱ्याच्या आड येतात.

आता शब्दांकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त कष्ट तिथे पडले. भीतीने किंवा संतापाने छाती धडधडायला लागली की नजर बोगद्यासारखी अरुंद होते, आजूबाजूचे आवाज ऐकू येईनासे होतात, बोटं नाजूक कामं करेनाशी होतात. तशा वेळी नवीन वाक्य सुचत नाही. जे तोंडात बसलेलं असतं तेच बाहेर पडतं. माझ्या तोंडात काय बसलं होतं ते वर सांगितलंच आहे. शिवाय मी भांडते ती भाषा माझी नाही. मराठीत "काय प्रॉब्लेम आहे तुमचा?" हे आपण बँकेच्या खिडकीवरसुद्धा विचारतो, कधी कधी मदत करायलाच. तेच वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत टाकलं, 'व्हॉट इज युअर प्रॉब्लेम', की ते आव्हान होतं. बाह्या सरसावल्यासारखं. मी हे वाक्य वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना विचारत होते आणि ते का भडकतात हे मला समजत नव्हतं. मुलीने सांगितलं, ती तेव्हा तेरा वर्षांची होती. "आई, तू असं विचारलंस की वाटतं, तू त्यांना बाहेर बोलावतेयस." तसंच 'शांत व्हा'. कुठल्याही भाषेत हे ऐकून कोणी शांत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

मग मी वाक्यं निवडली आणि ती पाठ केली. गाडीत, आंघोळीला, कपडे घडी करताना. मोठ्याने म्हणायची. "माफ करा, माझं चुकलं." "तुमचं बरोबर आहे." "मला भांडायचं नाही, मी निघते." ही तीन रोजची. यातलं दुसरं सगळ्यात अवघड. समोरचा धडधडीत चूक असताना "तुमचं बरोबर आहे" म्हणायला पहिले काही आठवडे माझी जीभ उचलेना. आरशासमोर म्हणून पाहिलं तर माझा चेहराच सांगत होता की हिला तसं वाटत नाही. चेहऱ्याचाही सराव करावा लागला. भुवया खाली, आवाज खाली, वाक्य अर्ध्यावर न तोडता पूर्ण. टोमणा लपवलेली माफी लोकांना लगेच कळते, आणि ती शिवीपेक्षा जास्त झोंबते.

चौथं वाक्य वेगळं आहे. ते मोठ्याने, पोटातून म्हणायचं: "थांबा! जवळ येऊ नका!" त्यात शिवी नाही, धमकी नाही, 'नाहीतर' नाही. समोरच्याला कळावं आणि पलीकडे उभ्या असलेल्या चार लोकांनी ऐकावं, की ही बाई त्याला थांबायला सांगत होती. हे म्हणायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. सराव महिन्यातून एकदा करते, रेंजवरून परत येताना गाडीच्या काचा बंद करून.

आणि पाचवं पोलिसांसाठी. मिशिगनमध्ये पिस्तूल जवळ असताना पोलिसाने थांबवलं तर आपण होऊन, लगेच सांगायचं असा नियम आहे. पहिल्यांदा विसरलं तर पाचशे डॉलर दंड आणि सहा महिने परवाना निलंबित. गेल्या हिवाळ्यात माझ्या गाडीचा मागचा दिवा गेला होता म्हणून मला थांबवलं. मी गाडी बाजूला घेतली, आतला दिवा लावला, काच पूर्ण खाली केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पसरून. तो खिडकीशी आला तेव्हा मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "नमस्कार ऑफिसर. माझ्याकडे पिस्तूल बाळगायचा परवाना आहे आणि मी आत्ता ते बाळगून आहे. मी काय करू ते तुम्ही सांगा." परवाना आधी, पिस्तूल नंतर. आणि 'बंदूक' हा शब्द ओरडल्यासारखा एकटा कधीही उच्चारायचा नाही.

हे वाक्य पाठ करताना मला फिलँडो कॅस्टील आठवतो. शाळेच्या कॅफेटेरियात काम करणारा बत्तीस वर्षांचा माणूस. जुलै २०१६, मिनेसोटा, फाल्कन हाइट्स. त्याच्याकडे परवाना होता. थांबवल्यावर त्याने शांतपणे, 'सर' म्हणून, सांगितलं होतं की माझ्याजवळ शस्त्र आहे. काही सेकंदांत त्या अधिकाऱ्याने सात गोळ्या झाडल्या. गाडीत त्याची मैत्रीण होती आणि तिची चार वर्षांची मुलगी. पुढच्या वर्षी अधिकारी निर्दोष सुटला. कॅस्टीलने काय चुकीचं बोललं, असा प्रश्न काही लोक विचारतात तेव्हा माझं डोकं तापतं. तो सभ्यपणे बोलला होता. काळजीपूर्वक बोलल्याने सगळं टळतं असं मी मुलीला कधीच सांगणार नाही, कारण ते खोटं आहे. मी माझ्या हातात जेवढं आहे तेवढं करते. त्या रात्रीचा पोलीस तरुण होता. त्याने पिस्तूल कुठल्या बाजूला आहे ते विचारलं, "तिकडे हात नेऊ नका, मीही माझ्याकडे नेणार नाही" असं म्हणाला, आणि दिव्याबद्दल ताकीद देऊन सोडलं. घरी आल्यावर माझे दोन्ही हात अर्धा तास कापत होते.

आपल्या मराठी मंडळींबद्दलही लिहायचं आहे. दोन महिन्यांपूर्वी एका घरी जेवायला पंधरावीस जण जमलो होतो. दुकानातल्या चोऱ्यांवर गप्पा निघाल्या. एक गृहस्थ, चांगले ओळखीचे, म्हणाले, "माझ्या दुकानात कोणी असा आला ना वहिनी, तर मी विचारतच बसणार नाही. उडवणार सरळ." सगळे हसले. मी विचारलं, "तुमच्याकडे पिस्तूल आहे?" म्हणाले, "आहे की, गल्ल्याखाली." मी म्हटलं, "मग हे वाक्य पुन्हा कधी, कुठेही बोलू नका. फोनवर लिहू तर नकाच." त्यांना वाईट वाटलं. मी वातावरण बिघडवलं, असं नंतर एकीने मला सांगितलं. बिघडवलं असेन. पण उद्या खरंच त्यांच्यावर वेळ आली, खरंच जिवावर बेतलं, तर सरकारी वकील सगळ्यात आधी त्यांचा फोन मागवेल. त्या बारा लोकांना मग भीतीने बचाव करणारा दुकानदार दिसणार नाही. संधीची वाट बघणारा माणूस दिसेल. ही वाक्यं आपण मर्दानगीच्या भरात बोलतो, आणि ती पुराव्याच्या पाकिटात जाऊन पडतात.

त्या जेवणात माझ्या कमरेला काही नव्हतं. ते गाडीतल्या पेटीतही नव्हतं, घरी तिजोरीत होतं. देवळात जाताना तर कायद्यानेच नेता येत नाही, तिथल्या प्रमुखांची परवानगी नसेल तर. शाळा, हॉस्पिटल, मद्यालयं, तिथेही नाही. पण बाकीच्या वेळीही मी जवळ बाळगते हे कुणाला सांगत नाही. नवरा, मुलगी आणि माझी बहीण, एवढ्यांनाच माहीत आहे. मैत्रिणी मिठी मारायला आल्या की मी आता उजवी बाजू वळवून डावा खांदा पुढे करते. एकीला वाटलं मी तिच्यावर रागावलेय. तिला खरं सांगता आलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

घरची तिजोरी बोटाच्या ठशाने उघडते. फेब्रुवारी २०२४ पासून आमच्या राज्यात अठराखालचं मूल घरात असेल तर शस्त्र कुलपात ठेवणं सक्तीचं आहे. आमची मुलगी पंधरा वर्षांची आहे. कायदा यायच्या आधीपासून आम्ही तसंच ठेवत होतो. मी स्वतःसाठी आणखी एक नियम केला आहे, तो कुठल्या कायद्यात नाही. नवऱ्याशी भांडण झालं असेल, रात्रीची झोप झाली नसेल, आईच्या तब्येतीचा फोन आला असेल, तर त्या दिवशी पिस्तूल तिजोरीतच. आणि त्या रात्रीची रोकड नवरा घेऊन जातो. वर्षातून असे बरेच दिवस निघतात. त्या दिवशीही मी तीच तीन वाक्यं वापरते.

नवऱ्याने त्या शनिवारच्या रात्री शेवटी विचारलं, "मग बाळगतेस कशाला? एवढी पड खायची तर घरीच ठेव ना." हा प्रश्न बरोबर आहे, आणि मी त्यावर खूप विचार केलाय. मला त्या नोव्हेंबरातल्या पोराचा थरथरता हात आठवतो. त्याने पिशवी घेतल्यावर गाडीत बस म्हटलं असतं तर? त्या एका गोष्टीसाठी मी ते बाळगते. पिशवीसाठी नाही, पिशवी मी पुन्हा पायाने सरकवीन. ब्लँकेटसाठी नाही, 'तुम्ही लोक'साठी नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी कमरेला वजन घेतलंय, म्हणून बाकीच्या हजार गोष्टी सोडून द्यायच्या, असा हिशेब मी स्वतःशी केलाय. त्याला तो पूर्ण पटलेला नाही. तो म्हणतो, तू पूर्वी भांडायचीस तेव्हा निदान रात्री झोपायचीस. हेही खरं आहे. न बोललेली उत्तरं रात्री दोन वाजता येतात, एकापेक्षा एक चांगली.

तो चौदा नंबरवाला नंतरच्या शनिवारीही आला. माझ्याकडे न बघता सहा नंबरवर ब्लँकेट टाकलं. परवा पुन्हा आला, दहा डॉलरची नोट माझ्यासमोर धरली. सुट्ट्या पैशांचं मशीन बंद होतं. मी बँकेतून आणलेला क्वार्टरचा बंद रोल दिला. त्यावर दहा डॉलर असं छापलेलंच असतं. त्याने तो तिथेच काउंटरवर फोडला आणि एक एक करून नाणी मोजायला लागला. मागे तीन बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. मी हात काउंटरवर ठेवून उभी राहिले. चाळीस होईपर्यंत.